खाजगी टिपण आणि आठ पिढ्या

गेल्या श्रावणात मी आमच्या घराण्याच्या आठ पिढ्या पुसून टाकल्या. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि पोहे अजून गरम होते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बँकेतून रिटायर झाल्यावर फ्रीगंजच्या घरात बसून त्यांनी कुलवृत्तांत लिहायला घेतला. देवासची सुमनआत्या, त्यांची बहीण, त्यात दुरुस्त्या करायची. आमचे मूळ पुरुष दरबारात कारकून होते की मुदपाकखान्यावर देखरेख करत होते, या एका ओळीवरून दोघांचं बोलणं चार वर्षं बंद होतं! (मुदपाकखाना आत्याचा. तिच्याकडे कागद होता.) ते भाऊबीजेला कसंबसं सुरू झालं.

पुन्हा भांडण नको म्हणून मी, घरातल्या एकुलत्या एका प्रोग्रॅमरने, तोडगा काढला. ऑफिसात आम्ही प्रोग्रॅम ठेवतो तसा कुलवृत्तांत गिटमध्ये ठेवला. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला, हे त्यात कायम राहतं. काका आणि आत्या, दोघांच्याही कम्प्यूटरवर पूर्ण प्रत! आत्या रिटायर्ड शिक्षिका. ती रोज सकाळी जुन्या नोंदी वह्या तपासल्यासारख्या तपासायची.

पण काकांचं फोल्डर उचलताना मी त्यातलं सगळंच उचललं होतं. त्या सकाळी काका धावत आले.

"मिलिंद, अरे माझं 'खाजगी टिपण' वर कसं काय चढलं?"

"काय आहे त्यात?"

"नातेवाइकांची खरी माहिती," काका पुटपुटले.

मी फाइल उघडली. 'वसंता: तीन नोकऱ्यांतून रिटायर. काम एकाही ठिकाणी नाही.' त्याखाली, 'सुमन: गाते. कोणी गा म्हटलेलं नसताना गाते.' पुढे वाचायची माझी हिंमत झाली नाही.

"डिलीट कर ना बेटा, फटाफट! सुमन येऊन राहिली आहे."

"काका, डिलीट केलं तर आजच्या पानावरून जाईल. जुन्या नोंदींत राहणारच."

"ती तर जुन्याच नोंदी बघते!" काका म्हणाले. "चार साल, मिलिंद. चार साल भाऊबीजेला मला ओवाळायला कोणी नव्हतं."

मला खरंच वाईट वाटलं. उपाय एकच होता. जुन्या नोंदी पहिल्यापासून नव्याने रचायच्या आणि तेवढी फाइल वगळायची. त्यासाठी एक कमांड असते. तिच्यात फाइलचं नाव द्यायचं आणि 'ही सोडून बाकीचं ठेव' असं सांगणारा एक शब्द जोडायचा. तो शब्द नसेल, तर कमांड उलटं समजते: हीच ठेव, बाकीचं फेक.

मी तो शब्द विसरलो. वर तीच प्रत सर्व्हरवर जबरदस्तीने चढवली आणि काकांच्या कम्प्यूटरवरही उतरवली. (मी काम अर्धवट ठेवत नाही.)

काकांनी चष्मा पुसून पाहिलं. "अरे, बाकी खानदान कुठे गेलं?"

स्क्रीनवर फक्त 'खाजगी टिपण' उरलं होतं!

"मुदपाकखाना?"

"गेला."

"आणि माझे कारकून?"

"तेही गेले. पण परत येतील, काका. एका कम्प्यूटरवर पूर्ण प्रत आहे अजून."

"कोणाच्या?"

मी खाली बघितलं. काकांना कळलं.

अर्ध्या तासाने आत्या लॅपटॉप काखेत मारून आली. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"बस, एवढंच?" आत्या म्हणाली. "ती फाइल मी पहिल्याच दिवशी वाचली."

"सुमन, ते मी असंच आपलं..."

"वसंताचं बिलकुल सही लिहिलंस, दादा. माझं अर्धंच लिहिलंस. कोणी गा म्हणतच नाही, म्हणून मी आपली आपण गाते."

काका कॅलेंडर सोडून तिच्याकडे वळले. म्हणाले, "म्हण बरं."

आत्याने दोन कडवी म्हटली. सूर दोन्ही कडव्यांत निसटला, पण काका डोळे मिटून मान डोलावत होते. मला भरून आलं.

"आता शेवटची ओळ ऐक," आत्या मला म्हणाली आणि तिने फाइलमधून मोठ्याने वाचलं, "'मिलिंद: नोकरी कम्प्यूटरची. घरच्या कम्प्यूटरला हात लावू देऊ नये.' दादा, हे खाजगी कशाला? मेन कुलवृत्तांतात घे!"

"घेतो," काका म्हणाले.

कुलवृत्तांताच्या बाबतीत दोघांचं हे पहिलंच एकमत. आत्याच्या प्रतीवरून आठही पिढ्या सुखरूप परतल्या आणि माझ्या नावापुढे ती ओळ चढली. मुळापासून पुसायची कमांड आता मला तोंडपाठ आहे. काकांनी पासवर्ड बदललाय.