माइकवरचे श्यामराव आणि घरचे श्यामराव

नाकाडोंगरीच्या श्यामरावांचं वजन मराठीत पन्नास किलो आणि हिंदीत नव्वद.

शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, माइक त्यांच्याच हाती. जोड्या बालाघाटकडूनही येतात, म्हणून घोषणा हिंदीत. "भाइयो, आँख झपकी तो जोडी निकल गई! बाद में मत बोलना, श्यामराव ने बताया नहीं!" पोट्टे शिट्ट्यांनी रान डोक्यावर घेत. माइक खाली ठेवला की मात्र देवकाबाईंचा हा नवरा मांजर आडवं गेलं तरी घरी परतणारा. बोलणं झाडीबोलीत, म्हणजे तिकडच्या गावरान मराठीत, तेही भांडण्यापुरतं.

दिवाळीनंतर भोजराज गेला. पटात झेंडी दाखवणारा, श्यामरावांचा जन्माचा सोबती. तेव्हापासून श्यामराव गप्प. ताट सरकवून द्यायचे, रात्रभर जागायचे. देवकाबाईंनी मुद्दाम भांडण काढून पाहिलं. नवरा भांडलाच नाही, तेव्हा मात्र त्या घाबरल्या. एका सकाळी ते एवढंच म्हणाले, "मी गेलो त तू पोरीकडं लाखनीले राय." बाईंनी त्याच दिवशी त्यांना एसटीत कोंबलं आणि तुमसरला मनाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाई रायपूरकडच्या, वर्षभरापूर्वी आलेल्या. "नमस्ते बाबा, कैसे हैं?"

झालं! हिंदी कानावर पडली आणि श्यामराव ताठ झाले. टोपी सरळ, आवाज वर. "मॅडमजी! आपकी सेवा में श्यामराव हाजिर है! तबीयत? एकदम फर्स्ट क्लास! नींद? शेर कभी सोता है क्या! पूरे इलाके में पूछ लो, नाम ही काफी है!"

बाहेरच्या बाकावरून कोणीतरी टाळी वाजवली.

देवकाबाई बघतच राहिल्या. घरात शब्द महाग केलेला माणूस इथं उधळत होता! आपल्याकडं साहेब समोर आला की माणूस धुतलेल्या सदऱ्यावर धुतलेली भाषाही चढवतो, आणि दुखणं राहतं घरी, मळक्या कपड्यांत खुंटीवर. मग डॉक्टरला दिसणार काय, कपाळ?

डॉक्टरीणबाईंना दिसलं ते एवढंच : झोप नाही, बडबड फार, छाती फुगलेली. त्या म्हणाल्या, "मन ज़रा ज्यादा ही उड़ रहा है. नीचे लाने की गोली देती हूँ."

"खाली?" देवकाबाई उठल्याच. "अवो मॅडम, आदमी तळाले जाऊन बसला, आनखी कुठं खाली आनता? हा माइकवाला हाये. घरवाला येगळा हाये!"

"चूप ना," श्यामराव पुटपुटले. "माही इज्जत काहून घालवतेस?"

आवाज एकदम जमिनीवर आलेला डॉक्टरीणबाईंनी ऐकला. पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आप दोनों घर जैसा बोलते हैं, वैसा बोलिए. मैं बस सुनूँगी."

"डॉक्टरसमोर झाडी?" भर दवाखान्यात लंगोटीवर उभं केल्यासारखे श्यामराव अंग चोरून बसले.

देवकाबाईंनी रोजचाच प्रश्न रोजच्याच ठसक्यात विचारला, "भात काहून टाकता पानात?"



"जात नाई घशाखाली." श्यामरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "भोजराज नाई त झेंडी कोन दाखवन वो? सकारी उठून करू काय मी? आपुन बी जावा असा वाटते."

आणि हिंदीतला नव्वद किलोचा माणूस टोपीत तोंड खुपसून रडला.

डॉक्टरीणबाईंना निम्मे शब्द कळले, निम्मे देवकाबाईंनी समजावले. लिहिलेला कागद फाटला, गोळ्या बदलल्या. 'आपुन बी जावा' या शेवटच्या वाक्याबद्दल त्यांनी श्यामरावांना स्पष्टच विचारलं आणि काही दिवस एकटं सोडू नका म्हणून बाईंना बजावलं.

पुढल्या खेपेला श्यामरावांनी दारातच सुरुवात केली, "मॅडमजी! आपकी सेवा में..."

"बाबा, माइक बंद."

श्यामराव ओशाळून हसले. खुर्चीत बसले, टोपी काढली. "काल भात पुरा खाल्लो. भोजराज मात्र सपनात येते अजून."

"पुरा कुठचा!" देवकाबाई म्हणाल्या. "अर्धा कुत्र्याले टाकला."

"तू चूप राय!" श्यामराव खवळले. "दुखनं मले हाये का तुले? मोठी आली डॉक्टरीन!"

देवकाबाईंना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "मॅडम, ह्याच गोळ्या चालू ठेवा."