हळ्ळीखेडचा राखणदार

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बसवकल्याणच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते. फोन आप्पांचा होता. आप्पा म्हणजे आमचे वडील; ऐंशी ओलांडलेले, फोनवर दोन वाक्यांच्या वर कधी बोलत नाहीत. “नागू गेला,” म्हणाले, “बिगी बिगी ये.” कलबुर्गीच्या दवाखान्यात मी त्याला चार दिवसांपूर्वीच भेटून आले होते. कावीळ डोळ्यांत उतरली होती, पण थट्टा चालूच होती... “रेफरीनं अजून शिट्टी वाजवली न्हाई, तू रडायलीस कामून?” म्हणाला होता. अण्णा जाऊन आता महिना-दीड महिना झाला. आता जरा लिहिता येतंय.

नागनाथ, माझा थोरला भाऊ, फुटबॉलपटू होता. शाळेत खेळणारा नव्हे. फुटबॉलवर पोट भरणारा, करारावर सही करून खेळणारा व्यावसायिक खेळाडू. आमच्या हळ्ळीखेडला कबड्डी कळते, कुस्ती कळते, क्रिकेट तर लहान पोरांनाही कळतं. फुटबॉल अण्णाला बिदरच्या हॉस्टेलात भेटला. किल्ल्यामागच्या मैदानावर दखनी बोलणारी पोरं अनवाणी खेळायची. हा त्यांच्यात घुसला तो बाहेर आलाच नाही. पुढे बंगळूरच्या एका क्लबानं उचलला, मग गोवा, मग कोलकाता. खेळायचा बॅकला, म्हणजे आपल्या गोलसमोर उभं राहून समोरच्याला अडवायचं. बंगळूरला त्याचा प्रशिक्षक इंग्रज होता, स्वतः तिकडे खालच्या डिव्हिजनमध्ये बॅक खेळलेला. तो सांगायचा म्हणे, की बॅकचं नाव पेपरात आलं नाही तर तो चांगला खेळला असं समजावं.

आता हे आप्पांना कोण सांगणार? अण्णा सुटीला आला की पहिला प्रश्न ठरलेला. “गोल किती केलास?” “केला न्हाई, आप्पा.” आप्पा पानाला चुना लावत बसायचे. लेकरू एवढ्या लांब जातं, पगार घेतं, आणि गोल एकही नाही! गावात विचारणाऱ्यांना काय सांगावं, याची त्यांना लाज वाटायची. अण्णाला ती लाज दिसायची आणि त्याचं जेवणात लक्ष लागायचं नाही.

मग एकदा त्याची मॅच टीव्हीवर लागली. बसस्टँडजवळच्या हॉटेलात अख्खं गाव लोटलं, आप्पांना पुढची खुर्ची. पहिल्या अर्ध्यात अण्णाचा संघ उजवीकडच्या जाळीवर चाल करून जात होता, तेवढं सगळ्यांनी नीट ध्यानात ठेवलं. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे मात्र कुणाच्या गावीही नव्हतं. दुसऱ्या अर्ध्यात गोलसमोर ही झुंबड उडाली, चेंडू अण्णाच्या पायाला लागला आणि सरळ उजवीकडच्या जाळीत! टीव्हीवरचा माणूस इंग्रजीत ‘नागनाथ, नागनाथ’ ओरडला... आणि लाइट गेली. पुढचं बघायची गरजच कुणाला होती? फटाके वाजले, हलगी निघाली, आप्पांनी गावभर साखर वाटली. वेशीपर्यंत मीही नाचत गेले.

आठवड्यानं अण्णा आला तर बसस्टँडवर ट्रॅक्टर सजवून तयार. त्याला काही बोलूच दिलं नाही. गुलाल, हार, मिरवणूक थेट पंचायतीच्या कट्ट्यावर. आप्पा फेटा बांधून बसलेले. इतका ताठ बसलेला माणूस मी पुढे कधी पाहिला नाही. दोन भाषणं झाल्यावर माईक अण्णाच्या हातात आला. गप्प राहिला असता तर आजतागायत कुणाला कळलं नसतं. त्यानं एकदा आप्पांकडे बघितलं, गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “त्यो गोल म्या आपल्याच जाळीत घातला. त्याच्यापायीच आमी हरलो. माफ करा, पर ह्यो हार माझा न्हाई.”

हलगीवाल्याची टिपरी हातातच राहिली. मागून कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. आप्पा उठले, फेटा काखेत मारला आणि घरी चालते झाले. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी भाऊ केवढा मोठा वाटत होता, हे आज सांगून टाकते. एवढ्या लोकांत, बापाच्या तोंडावर, खरं बोलायला छाती लागते.

रात्री आप्पा जेवले नाहीत. सकाळी ज्वारीच्या राखणीला गेले, तर मागोमाग अण्णा. भाकरी घेऊन मी गेले तेव्हा दोघं माळ्यावर, म्हणजे राखणीसाठी चार मेढींवर बांधलेल्या उंच मांडवावर उभे. गोफण आप्पांच्या हातात.

“मंग तू करतूस तरी काय तिथं?” आप्पा विचारत होते.

“आप्पा, रोज पाखरं किती मारताव?”

“मारू कामून? हाकलायचं फकस्त.”

“मंग सांजच्याला काय बघताव?”

“कणसं.”

“म्या बी तेच करायलोय. गोलम्होरं हुबा राहून हाकलायलोय. आत काय जाऊ देत न्हाई.”

आप्पांनी गोफण खाली ठेवली. मग म्हणाले, “अन् त्या दिवशी?”

“त्या दिवशी माझ्याच गोफणीचा दगड आपल्याच कणसाला लागला.”

आप्पा असे हसले की तुरीतली होली पाखरं फडफडत उठली. त्या दिवसापासून त्यांनी गोलाचा विषय काढला नाही. अण्णा जिथे असेल तिथून दिवे लागायच्या वेळी फोन करायचा आणि आप्पा विचारायचे, “राखण कशी झाली?” कधी “बेस झाली”, कधी “दोन कणसं गेली, आप्पा”. गुडघा गेला, खेळ थांबला, अण्णा गावी परतला. घरासमोरच्या पडीक जागेतले दगड वेचून मैदान केलं आणि पोरींना फुटबॉल शिकवू लागला. “पोरीला कशाला असले धंदे?” म्हणणारे पुष्कळ भेटले; त्यांनाही त्यानं पुढे घुसू दिलं नाही. तरी सांजच्याला मैदानावरून उंबऱ्याशी आला की आप्पांचा प्रश्न तोच.

कलबुर्गीहून अण्णाचा देह घरी आणला त्या दिवशी गावातल्या तरुणांनी मोठ्या मायेनं बॅनर लावला. खाली लिहिलं होतं, ‘आमचा गोलवीर’. आप्पा काठी टेकत बॅनरपाशी गेले.

“हे उतरवा.”

“कामून, आप्पा? चांगलं तर लिवलंय.”

“न केलेल्या गोलाचा हार त्यानं तवा बी घातला न्हाई. आता मेल्यावर घालू नगा. राखणदार लिवा.”

पोरं तशीच हुमनाबादला गेली आणि दुसरा बॅनर छापून आणला, तेव्हाच आम्ही अण्णाला उचलला.

घरात खुंटीला आप्पांची गोफण आहे. तिच्या शेजारी वहिनीनं आता अण्णाचे बूट टांगलेत. परवा गेले तर दिवे लागायची वेळ होती. आप्पा उंबऱ्यावर बसलेले, समोर मैदानात अण्णाच्या पोरी धूळ उडवत खेळत होत्या. गोलसमोर बॅकला खेळणारी पोर पाय रोवून उभी होती, अगदी त्याच्यासारखी. मी शेजारी टेकले.

“आप्पा, काय बघायलाव?”

“कणसं,” आप्पा म्हणाले.