काकांचा समुद्र, माझा फिल्टर

फिल्टरच्या स्पंजात गाळ साठतो तसे आमच्या दुकानात किस्से साठतात. वेळेवर उघडले तर हसू येतं, उशीर केला तर वास.

दुकान काकांचं, नागपुरात. मासे, टँक, खाद्य. खाऱ्या पाण्याचा मोठा टँक मात्र माझ्या हट्टाने आला, झूलॉजीत एम.एस्सी. झाल्यावर. त्याच्याखाली बादलीएवढा, झाकणबंद कॅनिस्टर फिल्टर. मी पुढे झाले की काकांचं एकच वाक्य: "हात नको लावू वं. बिघडवशील."

*

पहिल्या सफाईत काकांनी फिल्टरमधल्या पांढऱ्या रिंगा नळाखाली घासल्या आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवल्या, काकूच्या मुंगवड्यांशेजारी. पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू त्या रिंगांतच राहतात. टँकमधून काढलेल्या पाण्यात त्या नुसत्या विसळायच्या असतात.

आठवड्यात दोन मासे मेले.

"आता एक जरी मासा मेला न, तं हा टँक विकून टाकीन," काका म्हणाले. "आपले गोल्डफिश बरे."

एक रिंग मुंगवड्यांच्या डब्यात गेली होती. ती रस्सा भाजीत निघाली. काकांच्याच दाढेखाली!

*

"नागपुरात समुद्र आणला आपण," असं काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. एकदा एका बाईंना सांगता सांगताच त्यांनी व्हॉल्व्ह बंद न करता फिल्टरचा पाइप ओढला.

बाईंनी चपला हातात घेतल्या. "भाऊ, समुद्र तं पायापर्यंत आला."

"आधी व्हॉल्व्ह बंद करायचा असतो," मी म्हणाले.

"मले माहीत आहे," काका पोछा मारता मारता म्हणाले.

*

बोरकर साहेब म्हणजे काकांचे मित्र, रिटायर्ड इंजिनिअर, रोज दुपारी दुकानातल्या कूलरसमोर हजर. मे महिन्यात टँकचं पाणी आटायचं आणि साहेब त्यात खारं पाणी भरायचे.

"पाणी आटतं, मीठ नाही आटत साहेब. साधं आरओचं पाणी टाका," मी म्हणाले.

"समुद्रात गोडं पाणी टाकते का कोणी?"

"मग या कूलरच्या जाळीवर पांढरा थर काहून बसते?"

साहेबांनी कूलरकडे पाहिलं. मग चहा मागवला.

*

त्याच महिन्यात एकदा सकाळीच लाईट गेली. बॅटरीच्या एअरपंपावर मासे तगले. दुपारी लाईट आली तेव्हा काकांचं बोट फिल्टरच्या बटणावर होतं. मी प्लगच उपसला.

"पोरीले काय समजते? चालू कर गा," बोरकर साहेब म्हणाले.

"सहा तास बंद डब्यात पाणी सडलंय. हे टँकमध्ये गेलं तर एक मासा वाचणार नाही."

"अन् फिल्टर बंद राहून मेले तं?" काका.

"तर टँक विका. मी गोल्डफिश विकीन."

काकांनी हात मागे घेतला. मी व्हॉल्व्ह बंद केले, डबा उचलून फुटपाथवर नेला आणि झाकण काढलं. सडक्या अंड्यांचा वास! समोरच्या पानठेल्यावरची माणसं सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचा सोडून पांगली.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "हे आत जाणार होतं?"

"तुमच्या सल्ल्याने."

डबा धुतला, रिंगा टँकच्याच पाण्यात विसळल्या, फिल्टर चालू केला. दुसऱ्या दिवशी काकांनी मासे दोनदा मोजले. सगळे होते.

*

परवा मी दुकानात शिरत होते. बोरकर साहेब खाली वाकून फिल्टरचं झाकण चाचपत होते.

काकांनी पेपरातून डोकंही वर केलं नाही.

"हात नको लावू गा, बोरकर. बिघडवशील. पोरगी येऊ दे."