मराठीत विचारलेले पाच प्रश्न

नवऱ्याला माहीत नाही. सख्ख्या बहिणीला माझ्या पोटातलं सगळं माहीत असतं, तिलाही हे माहीत नाही. चार वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आता तुम्हाला सांगायला बसले, तर हात गार पडलेत. मे महिना आहे, जबलपूरचा मे, कूलर नुसती गरम हवा फेकतोय, आणि माझे हात गार. हसू नका. किंवा हसा, चालेल मला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. राइट टाउनमध्ये दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांतले साहेब गुडघे घेऊन येतात, त्यांच्या बायका मान घेऊन येतात. भिंतीवर एक फोटो आहे. निळ्या ट्रॅकसूटमध्ये मी आणि मागे फुटबॉलची अख्खी टीम. पेशंट विचारतात, मॅडम, ये आप हैं? मी हो म्हणते आणि विषय बदलते. एकदा तो फोटो काढून टाकला होता. मग भिंतीवर चौकोनी डाग दिसायला लागला आणि लोक डागाबद्दल विचारायला लागले. परत लावला.

चार वर्षांपूर्वी आमच्या शहराचा क्लब देशाच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला. एकच सीझन मी त्यांच्याबरोबर होते. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण दोष क्लबचा नाही. हॉकीचं वेड असलेल्या या गावात अचानक पोरं फुटबॉलचे टी-शर्ट घालून फिरायला लागली. आम्ही कोझिकोडला गेलो, लुधियानाला गेलो, इम्फाळला गेलो. रेल्वेच्या डब्यात मी थर्माकोलच्या पेटीत बर्फ सांभाळत बसायचे आणि अठ्ठावीस पुरुषांच्या मांड्या, पोटऱ्या, घोटे यांचा हिशेब डोक्यात ठेवायचे. बेंचवर मी एकटीच बाई. मला त्याचा फार अभिमान होता. तो अभिमानच नडला असं म्हटलं तर ऐकायला बरं वाटतं, पण तसं नाही. नडली ती भीती.

भीती कशाची, ते सांगते. जानेवारीत बाहेरगावच्या एका सामन्यात आमच्या स्ट्रायकरच्या डोक्याला कोपर लागलं. मला त्याची नजर बरोबर वाटली नाही, मी त्याला बाहेर काढलं. दोन तासांनी गडी हॉटेलात ठणठणीत, बिर्याणी चापतोय. सामना आम्ही हरलो होतो. कोच सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. नुसते बोलले नाहीत, एवढंच! पण पोरांनी माझं नाव ठेवलं, आउट दीदी. कोणाला शिंक आली तरी ओरडायचे, दीदी को मत बताना, आउट कर देगी. मी पण हसायचे. तुम्हीही हसला असता ना? हसत हसत मी मनाशी एक ठरवून टाकलं की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. कसं होऊ द्यायचं नाही, ते तेव्हा ठरवलं नव्हतं.

आता स्वप्नील. त्याचं आडनाव राहू द्या. आमचा स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा. वय चोवीस, उंचापुरा, डोक्याने बॉल लांब फेकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. इथलाच, खमरियाकडचा. वडील डिफेन्स फॅक्टरीत होते, सीझन सुरू व्हायच्या आदल्या वर्षी वारले. टीममध्ये आल्यावर मी त्यांच्या घरी भेटायला गेले होते. टीममध्ये घरी मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्याची मराठी म्हणजे अर्धी हिंदी, पण मला ताई म्हणायचा आणि गुडघ्याला टेप लावताना घरातलं सगळं सांगायचा. बाकीचे चिडवायचे, अरे ये दोनों का कोडवर्ड चालू हो गया. 

कोडवर्ड. हा शब्द मी आजही ऐकू शकत नाही.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. बरोबरी झाली असती तर आम्ही लीगमध्ये राहणार होतो, हरलो असतो तर खाली जाणार होतो. क्लब खाली गेला असता तर पुढच्या वर्षी बंदच पडला असता, हे सगळ्यांना माहीत होतं. स्कोअर एक-एक. वीसेक मिनिटं उरली होती आणि आमचे सगळे बदली खेळाडू वापरून झाले होते. म्हणजे आता कोणी बाहेर आला, की उरलेला वेळ दहा जणांनी खेळायचं. 

त्यांचा कॉर्नर आला. स्वप्नील उडाला, त्यांचा एक जण उडाला. डोक्यावर डोकं. नारळ फोडल्यासारखा आवाज माझ्यापर्यंत आला. त्यांचा खेळाडू डोकं धरून उठला. स्वप्नील उठला नाही.

मी बॅग घेऊन धावले. टीमचे डॉक्टर आत दुसऱ्या एकाच्या भुवईला टाके घालत होते. मी पोचले तेव्हा स्वप्नीलचे डोळे मिटलेले होते. एक, दोन, तीन, चार, पाच. मी मोजले. सहाला त्याने डोळे उघडले. रेफरी माझ्या डोक्यावर उभे होते, आणि समोर रेषेवर कोच सर. ते काही बोलले नाहीत. मला कोणी धमकावलं नाही, हे मुद्दाम लिहिते. 

डोक्याला मार लागला की मैदानावरच पाच ठरलेले प्रश्न विचारायचे असतात. आपण कुठल्या मैदानावर आहोत. पहिला हाफ की दुसरा. शेवटचा गोल कोणी केला. मागचा सामना कोणाशी होता. तो जिंकलो का. एक जरी उत्तर चुकलं, तर खेळाडू बाहेर. यात विचार करायचा नसतो, म्हणून तर प्रश्न ठरवून ठेवलेले असतात. मी सवयीप्रमाणे त्याला मराठीत विचारलं. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही.

"स्वप्नील, कुठं आहोत आपण?"

"शाळेच्या ग्राउंडवर," तो म्हणाला. अगदी सहज. मग माझ्याकडे बघून हसला. "ताई, बाबा आले का? गेटवर उभे असतील. त्यांना सांगा न, येऊनच राहिलो मी."

पुढचे चार प्रश्न मी विचारलेच नाहीत. कशाला विचारायचे?

आणि मग माझ्या लक्षात आलं, की आजूबाजूच्या कोणालाही काही कळलेलं नाही. रेफरी बंगालचे, कॅप्टन मिझोरमचा. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या क्षणी मी काय करायला हवं होतं, हे तुम्हाला कळतं, मला कळत होतं, फिजिओच्या पहिल्या वर्षाच्या पोराला कळेल. हात वर करून त्याला बाहेर काढायची खूण करायची. बस. माझा हात उचललाच गेला नाही. कानात फक्त आउट दीदी, आउट दीदी. प्रत्यक्षात कोणी ओरडत नव्हतं हो. स्टेडियम गप्प होतं.

मी त्याच्या कपाळावर बर्फाची पिशवी दाबली आणि खाली वाकून, मराठीत, हळूच सांगितलं — ऐक. जबलपूर. दुसरा हाफ. गोल त्यांचा, दहा नंबरने केला. मागचा सामना लुधियानाशी. हरलो. म्हण बरं. त्याने म्हटलं. पुन्हा म्हण. पुन्हा म्हटलं. आज्ञाधारक पोरगा. मास्तरणीने परीक्षेत कॉपी पुरवावी, तशी मी उत्तरं पुरवली. मग ताठ बसले आणि तेच पाच प्रश्न रेफरीला ऐकू जातील इतक्या मोठ्याने हिंदीत विचारले. 

पाचपैकी पाच बरोबर.

रेफरींनी विचारलं, ठीक है? मी म्हणाले, ठीक है सर. 

माझा आवाज कापलासुद्धा नाही. याचीच मला अजून सगळ्यात जास्त भीती वाटते, की तो कापायला हवा होता आणि कापला नाही.

तो उरलेला सगळा वेळ खेळला. बॉल तीनदा डोक्याने बाहेर काढला. प्रत्येक वेळी मी डोळे मिटले. मिटले, पण उठले नाही. सामना बरोबरीत सुटला, माणसं कुंपणावरून आत आली, पोरांनी स्वप्नीलला खांद्यावर घेतलं. कोच सर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, आज तो दीदी ने बचा लिया. आणि काय सांगू तुम्हाला, मला आनंद झाला. खराखुरा, पोटातून. पाच मिनिटं तरी मी त्या आनंदात होते.

मग ड्रेसिंग रूमच्या बाथरूममध्ये त्याला उलटी झाली. बाहेर येऊन त्याने मला विचारलं, "ताई, मॅच झाली का?" मी त्याला ओआरएस पाजलं आणि म्हणाले, ऊन बाधलं तुला. फॉर्मवर लिहिलं, डोक्याला किरकोळ धक्का, तपासणी सामान्य. डॉक्टरांनी खाली सही केली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, का ठेवू नये?

त्यानंतर मी क्लब सोडला. लोकांना सांगितलं, प्रवास झेपत नाही. स्वप्नील पुढच्या सीझनला थोडे सामने खेळला, मग त्याचं डोकं दुखायला लागलं. आधी उन्हात, मग घरातही. हसरा पोरगा चिडका झाला. आता तो एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे, पण शिट्टीचा आवाज त्याला सहन होत नाही. खेळाच्या शिक्षकाला! दोन वर्षं त्याच्यावर अर्धशिशीचे उपचार चालू आहेत. हे सगळं मला काकूंकडून, म्हणजे त्याच्या आईकडून कळायचं. दर दिवाळीला त्या डबा पाठवतात. मी डबा धुऊन, त्यात काहीतरी घालून परत पाठवते. 

इथे मी थांबले असते तर एकच पाप झालं असतं.

मागच्या महिन्यात काकू क्लिनिकमध्ये आल्या. हातात मोठी फाइल. नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं होतं.

"मेघना, ते डॉक्टर विचारून राहिले बेटा, डोक्याले जुना मार आहे का म्हणून," त्या म्हणाल्या. "त्याले तर काही आठवत नाही. तुझ्याएवढं कोणाले माहीत? दोन ओळी लिहून दे न."

आयती संधी चालून आली होती. दोन ओळी! दोन ओळींतच मावणारी गोष्ट होती ती. मी लेटरहेड काढलं, पेन उघडलं. काकू समोर बसून पदराने मान पुसत होत्या आणि माझ्याकडे किती विश्वासाने बघत होत्या. मी लिहिलं, सबंध सीझनमध्ये डोक्याला गंभीर दुखापत झाल्याची नोंद नाही. बघा, कशी हुशार आहे मी. नोंद खरंच नाही. करणारी मीच होते, मीच केली नाही. काकूंनी कागद नीट घडी करून फाइलमध्ये ठेवला आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात अजून तिथे आहे असं वाटतं, आणि मला तो झटकून टाकावासा वाटतो.

परवा दुपारी तीन वाजता स्वप्नीलचा फोन आला. मागे गाड्यांचे हॉर्न. शाळेच्या उन्हाळी शिबिरातून स्कूटरवर घरी निघाला होता, रोजचाच रस्ता. 

"ताई, घर कोणत्या बाजूला आहे माझं?" त्याने विचारलं. "हसू नका न. मी चौकात उभा आहो. आईले नका सांगू, टेन्शन घेते ती."

मी त्याला म्हटलं, स्कूटर बाजूला लाव, समोरच्या दुकानाची पाटी वाच. त्याने वाचली. मी रिक्षा करून गेले. पोचेपर्यंत वीस मिनिटं मी फोन कानाला लावून ठेवला होता, तो काहीबाही बोलत होता, मी हूं हूं करत होते आणि माझे दात वाजत होते. चौकात तो स्कूटरला टेकून उभा होता. म्हणाला, आता आठवलं, जाईन मी. आणि विचारलं, "काहून इतक्या घाबरल्या तुम्ही?" 

मी त्याच्या हातातून स्कूटरची किल्ली घेतली.

पुढच्या आठवड्यात नागपूरचे डॉक्टर त्याला तपासणार आहेत. त्यांच्या फाइलमध्ये माझा कागद असेल. त्या कागदावर विश्वास ठेवून ते काय शोधतील आणि काय शोधणार नाहीत, हे मला माझ्या शिक्षणापुरतं तरी कळतं.

काल मी त्यांना पत्र लिहिलं. किती सेकंद डोळे मिटलेले होते ते लिहिलं. तो काय म्हणाला ते शब्द न बदलता लिहिलं. त्याच्या वडिलांबद्दल जे बोलला तेही. मी काय केलं ते लिहिलं, माझा आधीचा कागद खोटा आहे असं लिहिलं, खाली पूर्ण नाव, रजिस्ट्रेशन नंबर, सही. व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर लगेच पोचलं असतं, पण ते पुसताही आलं असतं. मी मला ओळखते. म्हणून पाकीट केलं.

काकूंना सांगितलेलं नाही. त्यांना ते डॉक्टरांसमोर बसून, दुसऱ्याच्या तोंडून कळेल, आणि शेजारी स्वप्नील बसलेला असेल. त्यांच्या दारापर्यंत गेले होते आज सकाळी. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि मी परत फिरले.

येताना कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पाकीट टाकलं. टाकलं आणि लगेच, रस्त्यावर माणसं बघत असताना, मनगटापर्यंत हात आत घातला, ते परत निघतं का बघायला. बोटं पोचली नाहीत.