मिस्टर होयटचा रेडिओ

नेड्रा कल्पेपर अलाबामातल्या एका लहान गावात, हार्डवेअरच्या दुकानात एकवीस वर्षं काउंटरवर होती. खिळे, नळ, कुलपं यांनी तिला कधी त्रास दिला नाही. दिला तो वादळाची सूचना देणाऱ्या रेडिओंनी. खरं तर ते विकत घेणाऱ्यांनी. त्यातही मिस्टर होयटनी.

एकोणऐंशी वर्षांचे होयट चाकांवरच्या ट्रेलरच्या घरात एकटेच राहायचे. फेब्रुवारीत रेडिओ घेऊन गेले, चौथ्या दिवशी परत.

"मिस नेड्रा, हा दिवसभर बोंबलतो! वादळ कुठे, तर शंभर मैलांवर!"

"आपल्या जिल्ह्याचा नंबर घातलात का? मग फक्त इथल्याच वादळाला वाजतो तो. कागदावर लिहून दिला होता मी."

"तो कागद होय? चष्मा नव्हता माझ्याकडे."

तिने नंबर घातला. पुढच्या बुधवारी दुपारी स्वारी पुन्हा हजर. "आभाळ निरभ्र, आणि हा किंचाळतोय!"

"अहो, बुधवारी चाचणी असते. चालू आहे की नाही कळायला."

"चालू आहे, म्हणूनच तर परत आणला!"

नेड्राने कपाळावर हात मारला. संध्याकाळी ती स्वतःच त्यांच्या घरी गेली. रेडिओ फ्रिजवर, मायक्रोवेव्हला चिकटून. वीज गेली तर लागणाऱ्या त्याच्या बॅटऱ्या टीव्हीच्या रिमोटमध्ये. तिने तो खिडकीशी ठेवला, नव्या बॅटऱ्या घातल्या आणि बजावलं, "हा वाजला की इथे थांबायचं नाही. तडक चर्चच्या तळघरात. विचार करत बसू नका."

"माझ्या बायकोसारखी बोलतेस."

"त्या बिचारीने कसे दिवस काढले असतील!"

एप्रिलमध्ये एका दुपारी दुकानातला रेडिओ वाजला. गिऱ्हाइकांना मागच्या गोदामात कोंबून नेड्राने होयटना फोन लावला. तीनदा. उचलला नाही. "बसला असेल म्हातारा चष्मा शोधत," ती पुटपुटली, पण फोन काही खाली ठेवला नाही.

सकाळी होयट काउंटरसमोर उभे. त्यांचा ट्रेलर रस्त्यापलीकडच्या शेतात उलटा पडला होता. ते मात्र रेडिओ वाजताच अनवाणी तळघर गाठून बसले होते.

"फोन का नाही उचललात?" नेड्रा ओरडलीच.

"तूच म्हणालीस ना, विचार करत बसू नका? राहिला घरात." ते जरा घुटमळले. "रेडिओपण गेला गं. दुसरा दे."

तिने डोळे पुसले, नवं खोकं फोडलं, नंबर घालून रेडिओ त्यांच्या हातात दिला.

होयटनी तो उलटसुलट करून पाहिला. "बहिणीकडे चालेल ना हा? आता तिच्याकडेच राहणार आहे मी. पलीकडच्या जिल्ह्यात."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" म्हणत नेड्राने तो हिसकावून घेतला आणि पुन्हा बटणं दाबायला लागली.