भिंतीवरचा पाडा
टर्पेंटाइनचा वास आला की मला खाडीकाठच्या एका बिल्डरच्या ऑफिसातली लांब भिंत आठवते, तिच्यावर मी शहराचा काल आणि उद्या तैलरंगात काढत होते. उजवीकडे होऊ घातलेले टॉवर, आणि डावीकडे, एका जुन्या चित्रावरून, गलबतं, मिठागरं आणि त्यांच्या कडेचा आमचा पाडा. तो पाडा उठवूनच बिल्डरनं ही जागा मोकळी केली होती. आमचं घर पडलं त्याच आठवड्यात वडिलांनी अंथरूण धरलं, ते पुन्हा उठले नाहीत. मी त्यांची मुलगी, हे बिल्डरला ठाऊक नव्हतं. "ती घरं पुसा, मॅडम," तो म्हणाला, "इथं आधी नुसती दलदल होती." मी बरं म्हटलं आणि घरांवर पाण्यात कालवलेल्या डिस्टेंपरनं दलदल रंगवली. तैलरंगावर डिस्टेंपर टिकत नाही, खाऱ्या दमट हवेत तर नाहीच, हे मला पक्कं माहीत होतं. उद्घाटनाला पाहुणे जमले, तोवर दलदलीचे पोपडे सुटून कौलारू घरं वर आली होती. पुढाऱ्याला ओवाळायला बोलावलेली आमच्या पाड्यातली म्हातारी ताट घेऊन भिंतीशीच थांबली. "ह्यो तर आमचा पाडा हाय," ती मोठ्यानं म्हणाली, "यो माझा घर." सगळे कॅमेरे तिकडे वळले. बिल्डरनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी नजर हटवली नाही. पुढं त्यानं ती भिंत पाडली आणि मला त्या पट्ट्यात कुठंच काम मिळू दिलं नाही. तरी त्याचा त्या वेळचा चेहरा आठवला, की मला अजून शांत झोप लागते.