शामरावांची लोकसभा

शामराव पहिल्यांदा माझ्या नजरेत भरले ते फाटकाबाहेर उभं राहून माझं नाक न्याहाळताना.

"मॅडम, जरा तिकडं पाहता का? मले एक खासदारीण कमी पडून राहिली."

रेल्वेतून निवृत्त झालेले शामराव संसदेतल्या मोठ्या सुधारणांची स्मरणचित्रं करत. लाकडी ठोकळ्यावर प्रसंग कोरायचा, शाई लावायची, कागदावर ठसा घ्यायचा. खऱ्या खासदारांचे चेहरे कोरायला हात धजत नसे, म्हणून बाकांवर आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, माणसं बसत. या वेळच्या चित्रात लोकसभेनं महिला आरक्षण मंजूर केलं तो दिवस होता. संविधान दिनाला हा ठसा बुद्धविहारात लागावा, एवढीच त्यांची इच्छा. आजवर त्यांचं एकही चित्र तिथं लागलं नव्हतं.

ठसा निघाला. विहार समितीचे अध्यक्ष नत्थूजी बघायला आले आणि तापले.

"मले विरोधी बाकावर काहून बसवलं?"

शामरावांनी कागद पाहिला, ठोकळा पाहिला. ठशात सगळं उलटं उमटतं, म्हणून चित्रातल्या पाटीवरची अक्षरं त्यांनी आठवणीनं उलटी कोरली होती. बाकं उलटी करायची राहून गेली. छापताना अख्खं सरकार पलीकडे गेलं होतं.

"तुम्हीच नाही नत्थूजी, सगळेच..."

"सगळ्यायचं जाऊ द्या! समितीत मी कधी विरोधात बसलो काय? हे विहारात लागत नाही."

शामरावांनी जेवण टाकलं. नवा ठोकळा कोरायला वेळ नव्हता. त्यांची बायको दीपमाला ताट उचलता उचलता म्हणाली, "त्यायले मधात बसवा न. मधातला माणूस उलटा छापला तरी मधातच राहते."

झालं! शामरावांनी सभापतीची खुर्ची ठोकळ्यातून कापून काढली, तिथं नवं लाकूड ठोकलं आणि त्यावर मिशीवाले नत्थूजी बसवले. बाकावरच्या जुन्या नत्थूजींची मिशी तेवढी छिन्नीनं उडवली.

"हव, आता कसं!" खुर्चीतल्या स्वतःला पाहून नत्थूजी खुलले. मग विरोधी बाकाकडे बोट दाखवत म्हणाले, "हा कोण? पाहिल्यासारखा वाटून राहिला."

"असन कोणी," दीपमाला म्हणाली. "तुमची ऐट कुठं त्याले, भाऊजी!"

ठसा विहारात लागला. नत्थूजींनी खिळा स्वतः ठोकला.

सध्या शामराव मतदानाचं वय अठरावर आलं तो प्रसंग कोरताहेत. रांगेत तरुण चेहरे हवेत म्हणून पाऱ्यातले आजोबा सकाळीच केस काळे करून त्यांच्या ओट्यावर येऊन बसतात.